गोपिकाबाईंनी न दिलेला राजीनामा

पवनारच्या गोपिकेला कुणी शिक्षण विचारलं, तर ती सांगते, "सातवी पास, आन पाटोडीत एम. ए." पाटोडी म्हणजे बेसनाच्या वड्या, आणि ही पदवी तिला सावंगीच्या मेडिकल कॉलेजातल्या एका मुलीनं दिली होती, जेवणाच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठी घालून. गोपिकेनं ती चिठ्ठी बेसनाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवली आणि महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला झाकण उघडून दाखवली. बाईच्या वाट्याला कौतुक फारसं आलेलं नव्हतं, त्यामुळे आलं तेवढं तिनं पुरवून पुरवून वापरलं.

तिचं माहेर समुद्रपूर तालुक्यातलं, जामच्या चौरस्त्यापासून कोसभर आत. एकोणिसाव्या वर्षी ती पवनारात बंडूजीच्या घरी आली. बंडूजीचं धाम नदीच्या काठाला दीड एकर वावर. त्यात वांगी, मेथी, चवळीच्या शेंगा आणि सांबार. सांबार म्हणजे उरलेला महाराष्ट्र जिला कोथिंबीर म्हणतो ती. बंडूजी पिकवायचा आणि गोपिका पहिल्या बसनं वर्ध्याच्या बाजारात नेऊन विकायची. बंडूजी माणूस वाईट नव्हता, पण चार माणसांत तोंड उघडायची वेळ आली की त्याला नेमकं वावरात पाणी सोडायचं आठवायचं.

बाजारात न खपलेली वांगी परत यायची. ती गोपिका भरून शिजवायची आणि शेजारीपाजारी वाटायची. दोन घरं सोडून राहणारी नलू एक दिवस बोटं चाटत म्हणाली, "कच्ची वांगी कायले विकतं वं? शिजवलेली वीक." झालं, तिथून सगळं सुरू झालं.

नलू आणि गोपिका एकाच उन्हाळ्यात सुना होऊन गावात आल्या होत्या. नलू बारावी झालेली, अक्षर मोत्यासारखं, आणि बोलायला लागली की तहसीलदारसुद्धा खुर्ची पुढे सरकवायचा. तिनं दहा बाया गोळा करून बचत गट काढला, आपल्या घरामागं टिनाचा शेड टाकला आणि सावंगीच्या मेडिकलच्या पोरापोरींना जेवणाचे डबे सुरू केले. गट नलूच्या तोंडावर चालतो आणि गोपिकेच्या हातावर, असं गावात म्हणायचे. हे दोघींनाही मान्य होतं.

पण हात म्हटलं की मागचं सांगावं लागतं.

डब्यांच्याही आधीची गोष्ट, अकरा वर्षं झाली. गोपिकेच्या उजव्या हातावर कोपराखाली एक फिकट चट्टा आला. दुखेना, खाजेना, म्हणून तिनं लक्ष दिलं नाही. एक दिवस नलूच्या घरी भाकरी टाकता टाकता तिची करंगळी तव्याला चिकटून राहिली आणि तिला पत्ताच नाही. जळका वास आला तेव्हा नलूनं तिचा हात ओढला. दुसऱ्या दिवशी नलूच तिला आरोग्य केंद्रात घेऊन गेली. तिथले कुष्ठरोगाचं काम पाहणारे महादेवराव. त्यांनी पिसानं चट्ट्याला स्पर्श केला, डोळे मिटायला सांगितले, कुठं लागलं विचारलं. गोपिकेला काहीच सांगता येईना.

वर्षभराच्या गोळ्या. महिन्याला एक पाकीट, सरकारी, फुकट. ती पाकिटं नलू आणायची, मेथीच्या जुडीत खुपसून, म्हणजे गोपिकेच्या सासूला दिसायला नको. वर्ष झालं, रोग गेला, महादेवरावांनी कार्डावर शिक्का मारून दिला. मागं राहिली ती उजव्या हाताची दोन बोटं, करंगळी आणि तिच्या शेजारची, जराशी वाकलेली आणि मुकी. गावाला सांगितलं, नस दबली. खरं माहीत होतं ते बंडूजीला आणि नलूला. आणि पुढं मोठी झाल्यावर लेकीला, रक्षाला.

आपल्या जिल्ह्यात कुष्ठरोग्यांच्या सेवेच्या गोष्टी पोरं शाळेत भाषणात पाठ म्हणून दाखवतात, बक्षिसं घेतात. पण तीच पोरं मोठी झाली की अशा माणसाच्या हातचं पाणी पिताना तहान मरते त्यांची. गोपिकेला हे भाषण न ऐकताही कळत होतं. म्हणून ती गप्प राहिली आणि एकट्या नलूपाशी मोकळी होत राहिली. "नलू नसती तं मी इहिरीत गेली असती," असं ती रक्षाला कितीदा तरी म्हणाली असेल.

आता गटाच्या वहीबद्दल. दर पाच तारखेला शेडमध्ये बैठक. नलू सचिव. पण बायांना घरी म्हैस पान्हवायची, कुणाला नळ यायचा, कुणाचा नवरा जेवायला बसलेला. म्हणून रीतच अशी पडली की आल्या आल्या वहीच्या पानावर खाली सह्या ठोकायच्या, थोडं बोलायचं आणि पळायचं. वरचा ठराव नलू मागाहून सवडीनं लिहायची. गोपिकेला पेन धरायला त्रास. दोन बोटं साथ देत नाहीत, सही करायला पाच मिनिटं लागतात. नलूनं मायेनं सांगितलं, "बसलीच हायस तं पुढच्या चार पानावर बी करून टाक. दर खेपेले कायले हाताले तरास?" गोपिका करून टाकायची. गावातल्या कुठल्याही गटात जाऊन पाहा, वही अशीच भरते. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. घरच्या माणसाकडं कोऱ्या कागदाची पावती कोण मागतं?

यंदा उन्हाळ्यात सावंगीतल्या एका खासगी वसतिगृहाची मेस गटाकडं आली. सव्वाशे मुली, दोन वेळचं जेवण. गटाचं नशीबच उघडलं. वसतिगृहाच्या मॅनेजरनं एकच कागद मागितला, स्वयंपाक करणाऱ्या बायांची डॉक्टरी तपासणी. गोपिका सगळ्यांत आधी जाऊन आली. तिनं डॉक्टरला काही लपवलं नाही, जुनं कार्डही दाखवलं. डॉक्टरनं तपासून लिहून दिलं, स्वयंपाकाला योग्य. तो कागद घेऊन गोपिका तडक नलूकडं गेली. नलूनं कागद पाहिला, घडी केली, म्हणाली, "बरं झालं."

तिसऱ्या दिवशी सकाळी गोपिका शेडवर आली तर तिच्या चुलीपुढं नलूची सून मंजुषा बसलेली. पाटोडीचं बेसन घाटत होती, आणि गुठळ्या झाल्या होत्या. गोपिकेला आधी हसूच आलं.

"सरक वं पोरी, लगदा होऊन राह्यला त्याचा," ती म्हणाली.

मंजुषा सरकली नाही. मान खाली घालून बसून राहिली. नलू आतून आली.

"तू काऊन आलीस? तू तं राजीनामा देल्ला ना."

"कायचा राजीनामा?"

नलूनं वही उघडून पुढं धरली. मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं की सौ. गोपिका बंडूजी यांनी प्रकृतीच्या कारणास्तव स्वखुशीनं स्वयंपाकाचं काम आणि गटाचं सदस्यत्व सोडलं आहे, गटानं तो राजीनामा मंजूर केला आहे. खाली दहा सह्या होत्या. पाचवी तिची, वाकडीतिकडी, तिनं स्वतःच्या हातानं केलेली.

गोपिकेनं आजूबाजूला पाहिलं. कणीक मळणाऱ्या बाईनं परात हळूच स्वतःकडं ओढून घेतली. बस, तेवढंच. पण त्या परातीच्या सरकण्यात गोपिकेला सगळं समजलं. नलूनं सांगितलं होतं. अकरा वर्षं मेथीच्या जुडीत दडवलेलं सगळ्यांच्या पुढं ओतलं होतं.

"समज ना गोपे," नलू खालच्या आवाजात म्हणाली. "सव्वाशे पोरी हायेत. उद्या कोनाले समजलं तं? सगळ्याइच्या पोटावर पाय येईन. तुह्याच भल्यासाठी चूपचाप केलं. नाव तं नाई खराब केलं ना तुहं?"

भीती आणि सोय या दोघी सख्ख्या जावा. एकीच्या आड दुसरी कधी उभी राहते, समजत नाही. वसतिगृहाच्या माणसानं एका शब्दानं काही विचारलं नव्हतं. नलू मनापासून भ्यालीही असेल. पण सुनेला काम लागलं, हेही खोटं नव्हतं.

गोपिका घरी आली आणि आठ दिवस बाहेर पडली नाही. राग यायला हवा होता, तो येईना. नुसतं आतून काहीतरी निसटत राहायचं. परक्यानं काढलं असतं तर तिनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. हिला काय म्हणायचं? आपलेच दात, आपलेच ओठ.

बंडूजीनं मात्र लगेच निकाल दिला. "चूप राह्य. बोंबाबोंब केली तं जे दहा घराले माहीत हाय थे हजार घराले होईन. रक्षाचं जमवाचं हाय अजून." आणि तो वावरात पाणी सोडायला गेला.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. दुःख नलूचं तर होतंच, पण काम गेल्याचंही होतं, आणि हे ती कुणाला सांगू शकत नव्हती. लोकांना वाटतं बाईला चुलीतून सुटका हवी असते. गोपिकेला ती चूल हवी होती. घरच्या चुलीवर ती कुणाची तरी बायको, कुणाची तरी सून होती. शेडमधल्या चुलीवर ती गोपिकाबाई होती. त्या वाकड्या बोटांनी कमावलेली आयुष्यातली ती एकच जागा होती, आणि नलूला ते ठाऊक होतं.

नवव्या दिवशी ती आरोग्य केंद्रात महादेवरावांकडं गेली. त्यांचं रिटायर व्हायला वर्ष राहिलं होतं, केस पांढरे झाले होते. तिला एकच विचारायचं होतं.

"भाऊ, खरं सांगा. माह्या हातानं कोनाले होऊ शकते का?"

"बाई, गोळ्या सुरू झाल्या की थोड्याच दिवसात दुसऱ्याले लागाची भीती संपते. तुमचा कोर्स पुरा होऊन दहा वर्सं झाले. तुमच्यापासून कोनाले काई होत नाई. सर्दी असन तं तेवढी होईन." मग त्यांनी चष्मा काढला. "कोनी काई म्हनलं काय?"

तिनं सगळं सांगितलं. तिला वाटलं ते म्हणतील, जाऊ द्या बाई. महादेवराव म्हणाले, "हे गुन्ह्यासारखं हाय. दिव्यांगाच्या हक्काचा कायदा आला दोन हजार सोळात, त्याच्यात कुष्ठरोगातून बरा झालेला मानूस बी हाय. बधिरपन राह्यलं, बोट वाकलं, म्हून त्याले कामावरून हाकलता येत नाई. तुमी वर्ध्याले जा. जिल्हा कोर्टाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरन हाय. बायांले तिथं वकील फुकट भेटते, कमाई किती हाय थे बी नाई पाहत. आन जानं नसन होत तं एक पाच एक शून्य शून्य, या नंबरवर फोन लावा."

फोनवर असलं बोलायला तिला कसंसंच वाटलं. तिनं बस धरली. ज्या बसनं वर्षानुवर्षं टोपली नेली त्याच बसनं ती पहिल्यांदा रिकाम्या हातानं वर्ध्याला गेली, आणि हात कुठं ठेवावेत ते तिला कळेना.

प्राधिकरणाच्या खोलीत रुचिका नावाची तरुण वकील बसली होती. तिनं पाणी दिलं, नाव लिहिलं आणि भराभर प्रश्न विचारले.

"मावशी, तुम्ही कामावर उशिरा जायच्या का?"

"नाई."

"स्वयंपाकाबद्दल कोणाची तक्रार होती?"

"उलटं चिठ्ठ्या येत व्हत्या."

"डॉक्टरांनी नको म्हटलं?"

गोपिकेनं योग्य असल्याचा कागद काढून ठेवला.

"मग काढायचं कारण काय उरलं? तुमचं काम नाही, तब्येत नाही. एका आजाराचं नाव आणि त्याची लोकांना वाटणारी किळस. यालाच भेदभाव म्हणतात, मावशी. काम जमत नाही म्हणून काढणं वेगळं आणि तुम्ही कोण आहात, तुम्हाला काय झालं होतं म्हणून काढणं वेगळं. जात, धर्म, बाई असणं, अपंगत्व, अशा कारणांवर जे होतं त्याला निरनिराळे कायदे आहेत. तुमच्या बाजूनं हा दिव्यांगांचा कायदा आहे. वर खोटा राजीनामा, तो मुद्दा आणखी निराळा."

गोपिका बराच वेळ वहीच्या पानाचा मोबाइलवर काढून आणलेला फोटो न्याहाळत बसली. तो रक्षानं शेडमध्ये जाऊन काढला होता, कुणाला न विचारता. मग तिनं अगदी हळू विचारलं, "मॅडम, या रोगापायी नवऱ्याले बायको सोडता येते काय?"

अकरा वर्षं तिनं हा प्रश्न पोटात ठेवला होता. नलूलाही विचारला नव्हता.

"पूर्वी कायद्यात ते कारण होतं. दोन हजार एकोणीसला काढून टाकलं," रुचिका म्हणाली. "आता त्या कारणावर घटस्फोट मागता येत नाही."

गोपिकेनं पदर डोळ्याला लावला. रुचिकानं पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. मग तिनं खरी अडचण सांगितली. या कायद्याखाली दाद मागायची तर बोटांचा बधिरपणा सिद्ध करणारं दिव्यांग प्रमाणपत्र पाहिजे. जिल्हा रुग्णालयात तपासणी होते, कार्ड मिळतं. त्यावर कारण लिहिलेलं असतं. आधी गटाला आणि ग्रामसंघाला पत्र जाईल. ग्रामसंघ म्हणजे गावातल्या सगळ्या गटांचा मिळून संघ. तिथं नाही मिटलं तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडं तक्रार.

म्हणजे न्याय पाहिजे असेल तर जे लपवलं ते आपल्याच हातानं छापून घ्यायचं होतं. नलूनं दहा बायांत सांगितलं. आता सरकारी शिक्क्यानिशी सांगायचं. गोपिका परतीच्या बसमध्ये विचार करून थकली. जेवताना तिनं घरात विषय काढला. बंडूजी घास धरून थांबला. बोलली ती रक्षा.

"आई, जो पाहुना या कार्डापायी मांगं सरते, त्याच्या घरी मले नाईच जाचं. तू कार्ड काढ."

बंडूजीनं घास खाल्ला. वावरात पाणी सोडायचं त्याला त्या रात्री आठवलं नाही. हेही त्याच्या हिशेबानं पुष्कळच होतं.

कार्ड निघालं. रुचिकाचं पत्र गेलं. पत्रावर विधी सेवेचा शिक्का पाहून ग्रामसंघानं पंधरा दिवसांत बैठक बोलावली. ग्रामपंचायतीच्या सभागृहात तालुक्याहून एक समन्वयक बाई आल्या होत्या. गटाच्या सगळ्या बाया भिंतीला टेकून बसल्या. रुचिका गोपिकेच्या बाजूला बसली. तिनं आधीच सांगून टाकलं की आज इतिवृत्त आधी लिहिलं जाईल, वाचून दाखवलं जाईल, मग सह्या. बायांनी एकमेकींकडं पाहिलं. हे त्यांना नवीनच होतं.

नलू उठली आणि सुरेख बोलली. गोपिका तिची जिवाभावाची आहे. तिनंच तब्येतीचं सांगितलं, तिनंच सही केली. आता कुणीतरी तिचे कान भरले आहेत.

"हा ठराव कुणी लिहिला?" रुचिकानं विचारलं.

"मी."

"कधी?"

"बैठकीतच."

"सही ठरावाच्या आधीची की नंतरची?"

नलू म्हणाली, नंतरची. भिंतीकडून खाकरण्याचा आवाज आला. देवकाबाई, गटातली सगळ्यांत म्हातारी बाई. परात सरकवली होती ती हीच. तिला गोपिकेचा पुळका नव्हता, पण खोटं सहन होत नव्हतं.

"झूट कायले बोलतं वं नलू?" ती म्हणाली. "आपल्या समद्याइच्या सह्या तं पयलेच असतेत. त्या दिवशी मी बी सही करून दळन आनाले गेलती. राजीनाम्याचं नाव बी नाई निंगालं तिथं. तू आमाले दुसऱ्या दिवशी सांगतलं, तिले थे होतं म्हून."

नलूचा चेहरा उतरला. खोटं पकडलं गेल्याची लाज तिला वाटली असेल, पण तिला त्याहून जास्त लागली ती दुसरीच गोष्ट. पत्रात लिहिलेला शब्द. तिनं रुचिकाकडं नाही, गोपिकेकडं पाहिलं आणि तिला रडू फुटलं.

"मी भेदभाव केला म्हून लिवलं त्याच्यात. मी? अकरा वर्सं झाले, हे बाई माह्या घरी रोज चहा पेते. दुसऱ्या कोनी उंबऱ्याच्या आत घेतलं असतं? तिचा कप मी वेगळा ठेवला. वेगळा धुतला, राख लावून धुतला, माह्या लेकराइच्या कपात एक दिवस मिसळू देल्ला नाई. पन अकरा वर्सात तिले कधी समजू देल्लं काय? माह्या सासूले समजू देल्लं नाई. इतलं कोन करते कोनासाठी?"

ती हे अभिमानानं सांगत होती. आपल्या मायेचा पुरावा म्हणून सांगत होती.

गोपिकेला तो कप दिसला. पांढरा, निळ्या काठाचा. नलूच्या मांडणीवर एका कडेला, खिळ्याला अडकवलेला. नलू तो काढायची आणि म्हणायची, "हा तुहा." गोपिका किती फुशारकीनं रक्षाला सांगायची, की तुह्या मावश्याइच्या घरी बी माह्या नावाचा कप नाई, नलूच्या घरी हाय. राजीनाम्यानं तिचं काम गेलं होतं, पण मागची अकरा वर्षं जागच्या जागी होती. आता तीही गेली. एकेक चहा मागं जाऊन कडू होत गेला.

"माही माय गेली तवा," गोपिका म्हणाली. तिचा आवाज तिलाच दुसऱ्याचा वाटला. "मी जामवरून आली, तुह्या गळ्यात पडून रडली. तू चहा देल्ला. तवा बी?"

नलूला प्रश्न समजायला वेळ लागला.

"काय, कप? हाव. नेहमीच."

समन्वयक बाईंनी लिहिणं थांबवलं होतं. त्यांनी रुचिकाला विचारलं, "हे इतिवृत्तात घ्यायचं का?" रुचिकानं गोपिकेकडं पाहिलं. घेतलं नसतं तरी चाललं असतं. खोटा राजीनामा सिद्ध झालाच होता. नलूची लाज झाकायची तर एवढी एक जागा उरली होती.

"लिवा," गोपिका म्हणाली. "जसं बोलली तसंच लिवा. सुधरू नोका."

लिहिलं गेलं. ठराव रद्द झाला. दुसऱ्या दिवसापासून गोपिकाबाई स्वयंपाकावर, सदस्यत्व कायम. नलूचं सचिवपद काढलं. गटानं माफीचं पत्र द्यायचं, आणि पुन्हा असं झालं तर प्रकरण पुण्याला आयुक्तांकडं जाईल, हेही लिहिलं. समन्वयक बाईंनी सगळं मोठ्यानं वाचलं, मग बायांनी ओळीनं सह्या केल्या. गोपिकेला पाच मिनिटं लागली. कुणी घाई केली नाही. देवकाबाईनं तर तिच्या हाताखाली सपाट बसावा म्हणून कागद धरून ठेवला.

जे मागायला ती गेली होती ते सगळं तिला मिळालं. बाहेर रुचिका तिचा हात हातात घेऊन म्हणाली, "मावशी, जिंकलात." गोपिकेनं मान हलवली. तिलाही ते मान्य होतं. काम परत मिळालं याचा आनंद खराच होता, पण तो तिला घरी नेऊन मग उलगडायचा होता. इथं उभं राहून तो काही केल्या वर येत नव्हता.

चपला घालताना नलू मागून आली. डोळे सुजलेले, पण आवाज जुनाच, घरचा.

"राग नोको धरजो गोपे. झालं थे झालं. माह्या मनात कधी पाप नोतं."

"नसन," गोपिका म्हणाली. तिचा त्यावर विश्वासही होता. तेच तर वाईट होतं.

"सकाळी येतं ना मंग?"

"सहा वाजता येतो. मंजुषाले सांगजो, बेसन चाळून ठेवजो म्हनाव. गुठळ्या कायच्या होतेत थे शिकवतो तिले."

नलूला बरं वाटलं. सगळं पहिल्यासारखं होणार, असं तिला वाटलं असावं. ती लगबगीनं म्हणाली, "ये मंग. आल्या आल्या चहा ठेवतो दोघीचा."

"नोको ठेऊ," गोपिका म्हणाली. "चहा मी घरूनच पेऊन येत जाईन."